करार वर्षांचा नको, वसुलीचा हवा

कोल्हापूरचे टोलविरोधी आंदोलन आता रस्त्यावरचा लढा म्हणूनच लोकांच्या लक्षात आहे. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसे पुढे उभी राहिली, शहर अनेकदा बंद झाले, जानेवारी 2014 मध्ये टोलनाके पेटले आणि डिसेंबर 2015 मध्ये राज्य सरकारने टोल रद्द करत असल्याचे जाहीर केले. कोल्हापूरकर जिंकले, यात शंका नाही. पण त्या लढ्याच्या मुळाशी एक हिशेब होता आणि तो आपण पुरता विसरलो आहोत.

काम शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांचे. ठेका खासगी कंपनीला, 220 कोटींच्या घरातला; पैसे टोलमधून वसूल करायचे. वसुलीची मुदत 30 वर्षे, म्हणजे करार झाला तेव्हा शाळेत जाणारा मुलगा चाळिशीला येईपर्यंत. शिवाय टेंबलाईवाडीची मोक्याची जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. रस्ते महापालिकेचे, शहराच्या आतले. शिरोलीच्या कारखान्यात माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला नाका चुकवून जायला दुसरी सोयीची वाट नव्हती. पदपथ अर्धवट आहेत, विजेचे खांब जागच्या जागी ठेवूनच डांबर ओतले आहे, अशा तक्रारी होत्या. कंपनीचे म्हणणे होते की खर्च वाढला, व्याज चढले, वसुली अडवली गेली. त्यात तथ्यही असेल. अखेर टोल बंद करताना सरकारने कंपनीला साडेचारशे कोटींहून अधिक रक्कम द्यायचे ठरवले. मूळ ठेक्याच्या दुपटीहून जास्त. टोल चालू राहिला असता तर हे पैसे वाहनधारकाने भरले असते. तो बंद झाला म्हणून राज्याच्या तिजोरीतून गेले, म्हणजे ज्यांनी आयुष्यात कोल्हापूर पाहिलेले नाही त्यांच्याही करातून.

सार्वजनिक-खासगी भागीदारीवर आपल्याकडे वाद होतो तो ठरलेल्या दोन बाजूंनी. एक म्हणते, सरकारकडे पैसा नाही, खासगी कंपनी आली नाही तर रस्ते, मेट्रो, रुग्णालये होणारच नाहीत. दुसरी म्हणते, हे सगळे लुटीचे कारखाने आहेत, सरकारनेच सर्व बांधावे. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. खासगी कंपनी काही कामे सरकारपेक्षा चांगली करते, हे मी मान्य करतो. पण ती आपल्यासाठी पैसा घेऊन येते, ही समजूत चुकीची आहे. ही समजूत मनात ठेवून सह्या केल्या की पुढची सगळी बिघाडी तिथूनच सुरू होते.

आधी पैशाचे पाहू. सार्वजनिक सोयीचा खर्च भरून निघण्याचे मार्ग दोनच: वापरणाऱ्याने द्यायचा किंवा करदात्याने. कंपनी मधल्या काळात पैसा पुरवते, तो व्याजासह आणि नफ्यासह परत घेते. त्यात गैर काही नाही, पण तो उधारीचा व्यवहार आहे. आणि या देशात सर्वांत स्वस्तात कर्ज कोणाला मिळते, तर सरकारला. समजा, 1000 कोटींचे काम आहे आणि ते 30 वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे आहे. भांडवल साडेसात टक्क्यांनी मिळाले तर वर्षाचा हप्ता सुमारे 85 कोटी पडतो. कंपनीचे कर्ज आणि भागधारकांचा अपेक्षित परतावा मिळून 12 टक्के धरले तर तोच हप्ता सुमारे 124 कोटी होतो. वर्षाला 39 कोटींचा फरक; 30 वर्षांत जवळपास 1200 कोटी. काम जेवढ्याचे त्याहून हा फरक मोठा. खासगी भागीदारी परवडायची असेल तर कंपनीने बांधकामात, देखभालीत, वेळेत एवढी बचत करून दाखवली पाहिजे की हा फरक भरून निघेल. काही ठिकाणी ती होते. पण सही करण्यापूर्वी ही तुलना मांडून लोकांपुढे ठेवल्याचे आपल्याकडे फारसे दिसत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वेळी ती तुलना प्रत्यक्षात घडली. 1990 च्या दशकात या रस्त्यासाठी खासगी कंपनीची 3000 कोटींहून अधिकची निविदा आली होती. त्या वेळच्या युती सरकारने ती नाकारली, राज्य रस्ते विकास महामंडळाने रोखे काढून पैसा उभा केला आणि रस्ता सुमारे 1600 कोटींत बांधला. तेव्हाचे बांधकाम मंत्री नितीन गडकरी आजही ही गोष्ट अभिमानाने सांगतात आणि त्यांना तो अधिकार आहे. बांधले अर्थातच खासगी ठेकेदारांनी. सरकारने फक्त पैशाची आणि जोखमीची बाजू स्वतःकडे ठेवली होती.

मग सरकारे खासगी वित्ताकडे का जातात? कारण सरकारने कर्ज काढले की ते अंदाजपत्रकात दिसते, राजकोषीय तुटीत मोजले जाते. कंपनीने काढले की दिसत नाही. फीत आज कापता येते आणि हप्ते पुढची चार-पाच सरकारे भरतात. ब्रिटनने हे सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले. 1992 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या योजनेत शाळा, रुग्णालये, तुरुंग खासगी पैशातून बांधून सरकार वर्षानुवर्षे भाड्यासारखी रक्कम देत राहिले. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी 2018 मध्ये हिशेब मांडला: 700 हून अधिक करार, मूळ भांडवली किंमत सुमारे 60 अब्ज पौंड, एका वर्षाचे देणे 10.3 अब्ज पौंड आणि 2040 च्या दशकापर्यंत उरलेले देणे 199 अब्ज पौंड. या देण्यात साफसफाई, देखभाल अशा सेवांचाही खर्च होता, हे लक्षात घेऊनही आकडा थक्क करणारा आहे. त्याच महिन्यात असे अनेक ठेके घेतलेली कॅरिलियन ही बलाढ्य कंपनी बुडाली आणि अर्धवट रुग्णालये सरकारच्या अंगावर आली. वर्ष संपायच्या आत त्या देशाच्या अर्थमंत्र्यांनी असे नवे करार बंद केल्याचे जाहीर केले. बाजारपेठेवर विश्वास ठेवणाऱ्या पक्षाचेच ते सरकार होते.

एवढे सांगूनही मी खासगी भागीदारीच्या विरोधात नाही, कारण तिच्यात एक खरा फायदा आहे आणि तो पैशाशी संबंधित नाही. नेहमीच्या ठेक्यात रस्ता एक जण बांधतो आणि खड्डे दुसरा बुजवतो. बांधणाऱ्याला खडी, डांबर यात काटकसर करण्याचा मोह असतो, कारण तीन पावसाळ्यांनंतर त्याचा संबंध संपतो. बांधणे आणि 15-20 वर्षे सांभाळणे हे एकाच्याच गळ्यात टाकले की तो थर जाड देतो, गटार नीट काढतो, कारण पाणी साचले तर खर्च त्याचाच. सुलभ शौचालये याच तत्त्वावर चालतात. बिंदेश्वर पाठक यांनी 1970 मध्ये बिहारमध्ये सुरू केलेल्या या संस्थेच्या शौचालयांत बहुतेक ठिकाणी जागा आणि बांधकामाचा पैसा पालिकेचा, आणि पुढची अनेक वर्षे देखभाल वापरणाऱ्यांच्या पैशातून. आत घाण असेल तर माणूस पुन्हा येणार नाही आणि गल्ल्यात पैसे पडणार नाहीत. म्हणून फरशी दिवसातून अनेकदा धुतली जाते. सेवा आणि कमाई अशी थेट बांधलेली असेल तिथे भागीदारी चालते.

आमच्या तालुक्याच्या गावातले बसस्थानकही बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीने झाले. दर्शनी बाजूला दुकानांचे गाळे आधी पूर्ण झाले, मोबाइलवाल्यांनी आणि मिठाईवाल्यांनी ते घेतलेही. फलाट मात्र मागे ढकलले गेले, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि पाण्याच्या टाकीला नळ नाही. ठेकेदाराची कमाई गाळ्यांतून होती, प्रवाशांतून नव्हती. त्याने करारात जे फायद्याचे होते ते केले. दोष मी त्याच्यापेक्षा करार लिहिणाऱ्याला देईन.

करारातला सर्वांत अवघड भाग जोखमीचा. पुस्तकी नियम सोपा आहे: जी जोखीम ज्याच्या हातात आहे ती त्याने घ्यावी. बांधकाम लांबले, खर्च फुगला, ही कंपनीची. जमीन मिळाली नाही, कायदा बदलला, ही सरकारची. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पात आपण हा नियम पार उलटा केला होता. वीज घेतली नाही तरी राज्य वीज मंडळाने ठरावीक रक्कम द्यायची, रुपया घसरला तर त्याचा भार मंडळावर, इंधन महागले तर तोही मंडळावर. 1999 मध्ये वीज सुरू झाली आणि 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला, कारण ती वीज मंडळाला परवडणे शक्यच नव्हते. त्या काळात राज्य वीज मंडळाची जी दैना झाली, ती पुढे भारनियमनाच्या रूपाने खेड्यापाड्यांनी भोगली.

मुंबईच्या पहिल्या मेट्रोची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिथे सेवा चांगली आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही 11.4 किलोमीटरची मार्गिका. करार 2007 चा, अंदाजित खर्च 2356 कोटी, त्यातले 650 कोटी केंद्र आणि राज्याने व्यवहार्यता निधी म्हणून दिले. गाडी धावली 8 जून 2014 रोजी. अंधेरी स्टेशनच्या पुलावर सकाळी जी रांग लागते ती पाहिली की या मार्गिकेची गरज किती होती ते कळते. पूर्वी बसने तास-दीड तास खाणारे अंतर आता पाऊण तासाच्या आत कापले जाते. पण करारात भाडे 9 ते 13 रुपये लिहिले होते आणि कंपनीने 10 ते 40 रुपये जाहीर केले. हे शक्य झाले कारण मूळ करार जुन्या ट्रामवे कायद्याखाली झाला होता, पुढे केंद्राचा मेट्रो कायदा लागू झाला आणि त्यात सुरुवातीचे भाडे ठरवण्याचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्या प्रशासनाला होता. करारातले भाडे आणि कायद्यातला अधिकार यांची सांगड कोणी घातलीच नव्हती. वाद उच्च न्यायालयात गेला. खर्च चार हजार कोटींच्या वर गेल्याचे कंपनी म्हणते, एमएमआरडीए हे सरकारी प्राधिकरण तो आकडा मानत नाही. जागा वेळेवर न मिळाल्यासारख्या कारणांवरून लवादाने 2023 मध्ये कंपनीला 992 कोटी द्यावेत असा निवाडा दिला, आणि तोही न्यायालयात गेला. 2024 मध्ये राज्य सरकारने कंपनीचा हिस्सा सुमारे 4000 कोटींना विकत घेण्याचे ठरवले आणि काही महिन्यांतच तो निर्णय मागे घेतला.

यातली लवादाची बाब मला सर्वांत बोचते. जमिनीची जोखीम सरकारवर ठेवणे बरोबरच होते. मग जमीन हातात नसताना सही का केली? रेल्वेमार्गावरचा पूल, अतिक्रमणे, जमिनीखालच्या वाहिन्या, हे सगळे 2007 मध्येही तिथेच होते. जागा पूर्ण ताब्यात आल्याशिवाय कार्यादेश द्यायचा नाही, एवढा एक नियम कडकपणे पाळला असता तर शेकडो कोटींचा वाद उभाच राहिला नसता. सहीनंतर वाटाघाटी पुन्हा सुरू होणे हा जगभरचा रोग आहे. जागतिक बँकेच्या लुईस ग्वाश यांनी लॅटिन अमेरिकेतल्या सुमारे हजार करारांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वाहतुकीतले निम्म्याहून अधिक आणि पाणीपुरवठ्यातले जवळपास तीन-चतुर्थांश करार पुन्हा लिहावे लागल्याचे आढळले. कंपन्यांना हे ठाऊक असते. म्हणून कमी बोली लावून काम घ्यायचे आणि खर्च वकिलांच्या मार्फत पुढे वसूल करायचा, हा धंद्याचा भाग होतो.

आता माझा मुख्य मुद्दा. आपले बहुतेक टोल-करार वर्षांत मोजले जातात: 15 वर्षे, 24 वर्षे, 30 वर्षे. रस्त्यावर पुढच्या 20 वर्षांत किती गाड्या येतील हे कोणालाही नक्की सांगता येत नाही. गाड्या कमी आल्या तर कंपनी बुडते आणि सरकारच्या दारात मदत मागते. जास्त आल्या तर खर्च कधीच वसूल होतो आणि टोल चालूच राहतो. मग लोकांच्या मनात चीड साठते. दोन्ही परिणाम वाईट, आणि दोन्हींचे मूळ मुदतीत आहे. द्रुतगती मार्गाच्या वसुलीचे हक्क 2004 मध्ये 918 कोटी एकरकमी घेऊन 15 वर्षांसाठी दिले गेले. महामंडळाला कर्ज फेडायला तेव्हा पैशाची निकड होती. दर तीन वर्षांनी टोलमध्ये 18 टक्के वाढ आधीच ठरलेली. पुढची दहा वर्षांची निविदा 2020 मध्ये निघाली ती 8262 कोटींची. मधल्या काळात महागाई झाली, वाहने कितीतरी पटींनी वाढली, हे सगळे धरले तरी 2004 मध्ये त्या रस्त्याची खरी कमाई कोणाला नीट जोखता आली नव्हती, हे दिसते. चुकीचा अंदाज गुन्हा नाही. पण अंदाज चुकला तर फायदा एकाच बाजूला जाईल असा करार करणे टाळता आले असते.

ते कसे टाळायचे हे चिलीने 1998 मध्ये सँटियागो ते वालपराइसो रस्त्याच्या निविदेत दाखवले. एंगेल, फिशर आणि गालेतोविच या तिथल्या अर्थतज्ज्ञांनी मांडलेली कल्पना अशी: बोली वर्षांची लावायची नाही, रकमेची लावायची. टोलचा दर आणि व्याजाचा दर सरकार ठरवून देते. कंपनी सांगते की आजच्या किमतीत मला एकूण एवढी वसुली हवी. जो कमी मागेल त्याला काम. ती रक्कम जमा झाली की करार संपला. गाड्या भरभर आल्या तर दहाव्या वर्षी, रेंगाळत आल्या तर पंचविसाव्या. कंपनीला वाहतुकीच्या अंदाजाची भीती उरत नाही, म्हणून तिला कर्जही स्वस्त पडते. सरकारला मधेच रस्ता परत हवा असेल तर किती द्यायचे तेही स्पष्ट असते: ठरलेल्या रकमेतून तोवर झालेली वसुली आणि वाचलेला देखभालीचा खर्च वजा करायचा. कोल्हापुरात असा करार असता तर टोल बंद करताना किंमत काढायला समित्या आणि सर्वेक्षणे लागली नसती.

या पद्धतीची मर्यादाही मान्य करायला हवी. वसुली ठरलेलीच मिळणार असेल तर ग्राहक वाढवण्याची ओढ कंपनीला राहत नाही. रस्त्याला ते चालते, कारण गाड्या आणणे तसेही कंपनीच्या हातात नसते. मेट्रो किंवा विमानतळाला चालणार नाही. रुग्णालयाला तर मुळीच नाही. तिथे दर्जा मोजणेच इतके अवघड आहे की करारात लिहिता येत नाही. अंधेरीत महापालिकेच्या जागेवर 1500 खाटांचे खासगी रुग्णालय झाले, 20 टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांसाठी ठेवायच्या असे ठरले, आणि त्या खाटांवरून वर्षानुवर्षे वाद चालून शेवटी कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. खाट राखीव ठेवणे एक, आणि त्या खाटेवर गरीब रुग्णाला वेळेवर भूलतज्ज्ञ मिळणे वेगळे. म्हणून वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये भागीदारीत देण्याच्या योजनांकडे मी फार सावधपणे पाहतो. इमारत, वीज, धुलाई, स्वयंपाकघर हे बाहेर द्यावे. वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृह देऊ नये.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र आता सबब उरलेली नाही. पूर्वी नाक्यावरून किती गाड्या गेल्या यावरच भांडण असे; कंपनीचा आकडा एक, आंदोलकांनी रात्रभर बसून मोजलेला दुसरा. राष्ट्रीय महामार्गांवर 2021 पासून फास्टॅग सक्तीचा आहे. प्रत्येक गाडीची नोंद यंत्रात होते. प्रत्येक नाक्याची रोजची वसुली आणि ठरलेल्या रकमेपैकी बाकी किती, हे नाक्यावरच्या फलकावर आणि संकेतस्थळावर दाखवायला कोणताही तांत्रिक अडथळा नाही. माहिती अधिकारात अर्ज करून, अपिले करून हा आकडा मिळवावा लागतो, ही लोकशाहीत लाजिरवाणी गोष्ट आहे. पुण्याचेच विजय केळकर यांच्या समितीने 2015 मध्ये या करारांबद्दल केंद्राला अहवाल दिला. सरकारला किती पैसे मिळतात यापेक्षा लोकांना कशी सेवा मिळते यावर करार उभे करा, जोखीम विचारपूर्वक वाटा, असे त्याचे सांगणे होते. त्यातल्या वित्तीय सवलतींची चर्चा खूप झाली, सेवेची फारच कमी.

आणि टोलमाफीचे राजकारण. 2015 मध्ये राज्याने 12 नाके बंद केले आणि 53 नाक्यांवर लहान वाहनांना व एसटीला सूट दिली. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. रोज वाशी किंवा दहिसर ओलांडणाऱ्याला दिलासा मिळाला, त्याच्या आनंदात मी खोट काढत नाही. पण करार चालू असताना टोल माफ केला की कंपनीची भरपाई सरकार करते, रोख किंवा मुदतवाढ देऊन. मोटार असलेल्या मुंबईकराचा टोल गडचिरोलीतला शेतमजूर तेल-साबणावरच्या करातून भरतो. या अन्यायाविरुद्ध कोणी नाका अडवत नाही, कारण तो दिसत नाही.

द्रुतगती मार्गाचा सध्याचा वसुली-करार 2030 मध्ये संपतो आणि टोल 2045 पर्यंत घ्यायचे आधीच ठरलेले आहे. मिसिंग लिंक या घाटातल्या नव्या जोडरस्त्याचा खर्च त्यासाठी पुढे केला जातो, आणि तो खर्च खराही आहे. पुढची निविदा लिहिण्याचे काम त्याआधी वर्ष-दीड वर्ष तरी सुरू होईल. एकरकमी मोठा आकडा घेऊन पंधरा वर्षांचे हक्क देण्याचा मोह तेव्हाही होईल, कारण तो पैसा त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात वापरता येतो. त्याऐवजी त्या निविदेत वर्षांची मुदत नसावी. किती रक्कम वसूल करायची आहे ते आजच्या किमतीत लिहिलेले असावे, रोजची वसुली उघड असावी, सहीनंतर करार बदलायचा तर विधिमंडळापुढे आणावा लागावा, आणि रक्कम पूर्ण झाल्याच्या दिवशी नाका उचलण्याचे कलम असावे. ही मागणी आमदारांनी, वाहतूकदारांच्या संघटनांनी आणि पुणे-मुंबईच्या नोकरदारांनी आताच लावून धरली पाहिजे, मसुदा कागदावर उतरण्याआधी.